चंपाकाकी बाजूला बसली

वरंधच्या अलीकडे आमची वाडी. तिथे बाळंतिणीला न्हाऊ घालावं आणि बाळाला तेल चोळावं ते चंपाकाकीनेच. दवाखान्यातून पोर घरी आलं की तिला निरोप जायचा. काकी बोलायला फटकळ. बाळ किरकिरलं तर बाळाच्या आईलाच झापायची. साठीला आल्यावर ही बाई एकाएकी कुणाकडे जाईनाशी झाली, आणि तेही स्वतःची लेक रेश्मा पहिल्या बाळंतपणाला घरी आली तेव्हा.

मी तिची पुतणी, महाडात शिकवते. वाडीला गेले तेव्हा रेश्माची मुलगी पालथी पडायला लागली होती आणि काकी पडवीत गोणपाटावर बसली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. सासू हयात असताना महिन्याचे चार दिवस ती अशीच बसायची. पाळी जाऊन कैक वर्षं झाली होती, आता पुन्हा अंगावरून लाल जात होतं. हा आजार असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. विटाळ आला की बाजूला बसायचं, एवढंच तिला ठाऊक. आत बाळाला दुसरीच बाई तेल चोळत होती आणि काकी पडवीतून ओरडत होती, "मान धर गो, मान!"

मला रागच आला. तिला जवळजवळ ओढतच महाडच्या दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, आणि तो एका विषाणूमुळे होतो असं कळलं. झालं! तिला लांब ठेवायला वाडीला आयतंच कारण मिळालं. रेश्माच्या सासूबाई, जानकीबाई, पोलादपूरहून आल्या. हा विषाणू कपड्यावर आठवडाभर जगतो, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं.

"बाळाला हात नका लावू हां, विहीणबाई."

"लावतंय कोण?" काकी म्हणाली. एरवी कुणाचं ऐकून न घेणारी ती बाई पदर सावरून आणखी कोपऱ्यात सरकली. मला ते बघवलं नाही.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टर चारुशीलांनी मुंबईला जाऊन घ्यायचे उपचार समजावून सांगितले. मी बरी होईन का, हे काकीने विचारलंच नाही.

"बाई, तो जंतू भायेर किती दिस जगतो?"

"कोरड्या वस्तूवर काही दिवस टिकू शकतो, कधी आठवडाभरही. पण ताटातून, कपड्यातून तो लागल्याचं काही दिसत नाही. हा बहुतेक वेळा नवराबायकोच्या संबंधातून येतो. तुमच्या अंगात तो बऱ्याच वर्षांपूर्वी आला असेल. त्याचा कॅन्सर व्हायला फार काळ जातो."

काकीने बोटांवर वर्षं मोजली. तिचे यजमान भागोजीकाका जाऊनही बारा वर्षं होत आली होती.

"म्हंजे वाडीतली एवढी पोरं मी चोळली, तवा बी तो माज्या अंगात व्हता?"

"असेल."

"मंग त्यांना?"

"काही झालं नाही ना? तेल चोळून तो लागत नाही. हात स्वच्छ धुवा आणि नातीला खुशाल घ्या."

मला वाटलं, आता ती हसेल. तिने पदर तोंडाशी नेला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. "पाच महिने गो," एवढंच म्हणत राहिली. जो विषाणू तिला मारायला निघाला होता, त्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. वाया गेले ते दिवस तिला लागले होते.

घरी येऊन तिने अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि पडवी ओलांडून आत गेली. "दे," म्हणाली. रेश्माने लेक तिच्या मांडीवर ठेवली. पोरीने वर पाहिलं, ओठ काढले आणि टाहो फोडला. आईकडे जायला ती झेपावत होती.

"आई, आण इकडं," रेश्मा म्हणाली.

"नाय. रडू दे तिला." काकीने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "सोमवारी मुंबयला जायाचा हाय. मी परत नाय आलो, तर आजी कोन व्हती ता तिला कसा कळनार?"