जोडीच्या बुकातले मोठे फुगे

दोन हिरो चित्रांच्या एकाच बुकात आले की वाचणारे वाचतात कमी आणि मोजतात जास्त. माझी नात मोबाइलवर मला दाखवते, कोणी पाचातल्या दोन चांदण्या दिल्या, कोणी एकच. माझ्या हिरोला चारच पानं मिळाली, तुझा बेशुद्ध पडला, लिहिणाऱ्यानं पक्षपात केला, असं सगळं तिथं चाललेलं असतं. मी तिला म्हटलं, आमच्या खदानीच्या क्वार्टरांत हेच होतं, फक्त चांदण्यांच्या जागी शिव्या होत्या. ती हसली. मला काही हसू आलं नाही. अशाच एका बुकापायी माझा कामावरचा जोडीदार सहा वर्षं माझ्याशी बोलला नव्हता.

आम्ही दोघं चिखल्याच्या मँगनीजच्या खदानीत खाली काम करायचो. मी चार वर्ग शिकलेला, तो शाळेत गेलाच नाही. पहिली पाळी सुटली की अंघोळ करून तो माझ्या दारापुढच्या खाटेवर येऊन बसायचा आणि मी वाचायचो. तुमसरच्या बसस्टँडवरून आणलेली हिंदी चित्रांची बुकं. हिंदी बघायचो आणि आपल्या बोलीत सांगायचो. गल्लीतले बाकीचे लोकही येऊन ऐकायचे. मी वाचतो याचा मला फार ताठा होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

एका हिरोच्या हातातून वीज निघायची. तो माझा. दुसऱ्याजवळ शक्ती म्हणून काहीच नव्हती, एक दोर आणि डोकं. तो त्याचा. जोडीच्या बुकात दरवेळी तेच व्हायचं. आधी काहीतरी गैरसमज होऊन दोघं एकमेकांना मारायचे, मग खरा दुश्मन कळायचा, मग दोघं मिळून त्याला झोडपायचे. शेवटचा तडाखा कोणाचा, त्यावरून गल्ली निकाल द्यायची. मीही तसाच द्यायचो, आणि तडाखा बहुतेक विजेवाल्याचाच असायचा.

जोडीदाराला हे पटायचं नाही. "जोडी म्हणजे एकाले जमत नाही ते दुसऱ्यानं करावं लागते," तो म्हणायचा. "नाही तं दोघं कायले पाहिजेत? एकच पुरे."

हे त्याचं खदानीतलं गणित होतं. काम सुरू करायच्या आधी मी सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, छत ठोकायचो आणि तो मागं उभा राहून ऐकायचा. ठोकणाऱ्याच्या कानात सब्बलच घुमत असते, म्हणून दगड भरीव की पोकळ, पडायला आलेला, हे मागचा सांगणार. त्यानं "मागं हो" म्हटलं की मी मागं होत होतो. तिथं कधी वाद घातला नाही.

वाद खाटेवर होता. त्याला अक्षर येत नव्हतं, पण चित्र दिसत होतं. एकदा त्यानं दोरवाल्याच्या तोंडापुढच्या बोलण्याच्या फुग्यावर बोट ठेवलं.

"हा काय म्हणते बे?"

"हो म्हणते."

"एवढा मोठा फुगा, अन् नुसतं हो?"

"हिंदीत लांब असते. आपल्यात तेवढंच होते."

लोक हसले. तोही हसला, पण बोट लवकर उचललं नाही. पुढं पुढं त्यानं विचारणंच सोडलं. "माया हिरोले या बुकात बी काही नाही दिलं," एवढं म्हणून घरी जायचा.

रिटायर झाल्यावर मी मोहाडीकडे माझ्या गावी आलो, तो तिकडेच राहिला. बाकीची बुकं माझ्या पेटीत उधईनं खाल्ली. एक त्याच्याजवळ होतं. त्याची नात सुट्टीत आली, तिनं ते त्याला अक्षर न अक्षर वाचून दाखवलं. दोन पानं भरून दोरवाल्याचा बेत होता. कोण कुठून जाईल, वीज कधी सोडायची, कधी नाही. विजेवाला त्याच्या सांगण्यावर चालत होता. तडाखा याचा, पण डाव त्याचा.

तो एसटीनं माझ्या गावी आला, दाराशी उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

"तुया हिरो मोठा व्हावा म्हणून माया हिरोचं तोंड बांधलं तू. इतके वर्ष."

मी म्हटलं, "चित्रांच्या बुकासाठी भांडायला आला का एवढ्या दूर?"

तो पाणी न पिता गेला. सहा वर्षांत ना तो आला, ना मी गेलो.

या हिवाळ्यात त्याच्या नातीचा फोन आला. "आबाजी, आज्याले काचबिंदूनं काहीच दिसत नाही आता. ते बुक तुम्हीच वाचून दाखवा म्हणते. पुरं, काही न सोडता." मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी सुनेनं माझी पिशवी भरून ठेवली.

तो खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मी आल्याचं त्याला खोकल्यावरून कळलं. रामराम नाही, काही नाही. नातीनं बुक माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली.

विजेवाला सोपा होता, एकदोन शब्दांचे फुगे. थांब. सोड तिला. मर. मग दोरवाल्याचं पान आलं. जोडाक्षरं एकात एक अडकलेली, शब्द लांब लांब. मी पहिली ओळ लावली, दुसरीत अटकलो. तो वाट पाहत होता. हो म्हणते, असं म्हणून पान उलटणं मला आजही जमलं असतं. त्याला तर आता चित्रही दिसत नव्हतं.

पण थकलो होतो मी. त्या ताठ्यालाच थकलो होतो.

"मले वाचता येत नव्हतं ते," मी म्हटलं.

"काय?"

"मोठे फुगे. तेव्हा बी येत नव्हते, आता बी येत नाही. विजेवाला थोडं बोलते, म्हणून तो माया हिरो होता. दुसरं काही नाही."

तो भिंतीपासून पुढं सरकला. मग म्हणाला, "मी तुले बेइमान समजलो ना बे. हे काहून नाही सांगितलं? मी दारात आलो होतो तेव्हा तरी?"

"बेइमान म्हटलेलं चालत होतं मले."

त्यानं डोकं हलवलं. राग होता की कीव, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही. आतून नात म्हणाली, "आबाजी, मी वाचू का?"

"नाही," तो म्हणाला. "त्यालेच वाचू दे. बसलो आहो मी."

मी चष्मा पुसला आणि दुसरी ओळ पहिल्या अक्षरापासून लावायला लागलो. जेवायची वेळ झाली तेव्हा अर्धा फुगा झाला होता.