भरीत पार्टी, एकूण व्यक्ती बारा

मांडवाच्या धंद्यात एक गंमत आहे. लग्न उरकलं की खांब परत येतात, पडदे परत येतात, खुर्च्या दोन-चार कमी येतात आणि किस्से मात्र दरवेळी जास्तीचे येतात! जळगावात नानांच्या डेकोरेशनच्या ऑफिसात मी बारा वर्षं फोन आणि कागदपत्रं सांभाळतेय. गोडाऊन भरलं की नाना भंगारवाल्याला बोलावतात. किस्से कुणाला विकायचे? म्हणून सांगून टाकते. हे सगळे एकाच लग्नाचे आहेत. ते लग्न पळून जाऊन करायचं होतं, आणि तेही सरकारी परवानगी काढून!

* * *

नवरी आमचीच. कल्याणी आमच्याकडे स्टेजची फुलं लावते. धुळ्याजवळच्या गावची पोर, आई लहानपणीच गेली, वडिलांनी, म्हणजे आबांनी, एकट्याने वाढवली. तिचं पियुषशी जमलं. पियुष म्हणजे आम्ही पडद्याचं कापड घेतो त्या मारवाडी दुकानातला मुलगा. मीटरभर कापड मागितलं की सव्वा मीटर फाडून द्यायचा, तेव्हाच मला शंका आली होती.

आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "आपल्यात पोरं संपली का?" त्यानंतर चार महिने बोलणं बंद! पियुषच्या घरच्यांनीही हात वर केले. "मुलीचे वडील हो म्हणाले, तर आम्ही येतो."

कल्याणी मला म्हणाली, "ताई, मी समुद्रावर लग्न करणार. दहा-बारा माणसं. गावात केलं आणि आबा आले नाहीत, तर सगळा गाव त्यांना विचारेल. समुद्रावर कोण विचारतंय?"

मी चहा मागवला.

* * *

आता समुद्र निवडायचा. आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र मोबाईलवरच पाहिलेला! नाना म्हणाले, "पाणीच पाहिजे ना? मेहरूणच्या तलावावर करा. रिक्षाने जाता येतं."

"नाना, तलावावर पळून गेलं तर संध्याकाळी घरचे फिरायला तिथेच येतील!"

शेवटी कोकणातलं एक सरकारी उद्यान सापडलं. सुरूची झाडं, पुढे वाळू, पुढे समुद्र. मी नानांना फोटो दाखवला. नानांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला, लहान केला, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवाने म्हणाले, "जागा चांगली आहे. पण मागे फार मोकळं मोकळं दिसतंय. तिकडून पडदा मारून घेऊ!"

* * *

अर्ज भरायला बसलो. अर्जदार कल्याणी, सोबत तिचं आधार कार्ड. पुढचा रकाना: कार्यक्रमाचे स्वरूप.

मी 'विवाह' लिहिणार तेवढ्यात नाना ओरडले, "थांब! लग्न लिहिलं की बोभाटा. भरीत पार्टी लिही. आपल्याकडे भरीत पार्टीला 'का' असं कुणी विचारतं का?"

खरंच आहे. खानदेशात माणूस भरीत पार्टीला निघाला की बायकोसुद्धा फक्त 'डबा आणा' एवढंच म्हणते. मी लिहून टाकलं. तारीख मे महिन्यातली.

कल्याणी हसायला लागली. "आबांना कळलं तर! गावात कुणाच्या शेतात भरीत असलं की वांगी निवडायला आबाच लागतात."

हसली आणि मग फुलांची टोपली उचलून बाहेर निघून गेली.

* * *

चार दिवसांनी उद्यानाच्या ऑफिसातून परब साहेबांचा फोन आला. माणूस गोड बोलणारा, पण प्रश्न सरळ.

"मॅडम, भरीत म्हणजे वांग्याचं ना? वांगी भाजणार कशावर? आमच्याकडे अट नंबर चार आहे. जाळ करायला सक्त मनाई."

मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "सांग, घरून भाजून आणू."

मी सांगितलं.

"मग मॅडम, नुसतं खायला तुम्ही अख्खा महाराष्ट्र ओलांडून येणार?"

"आमच्याकडे समुद्र नाही ना, साहेब!" मी म्हटलं. काय बोलले माझं मलाच कळलं नाही, पण त्यांना पटलं.

* * *

पुन्हा फोन. या वेळी वेळेवरून. आमच्या गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला होता, सहा वाजून एकेचाळीस मिनिटं. मीही शहाणी, अर्जात तसंच लिहून पाठवलं!

"त्या वेळी भरती असते," परब साहेब म्हणाले. "पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येतं. साडेपाचच्या आत उरका. आणि हे एकेचाळीस काय आहे? भरीत पार्टीला मुहूर्त लागतो?"

फोन स्पीकरवर होता आणि गुरुजी समोरच पोहे खात होते. त्यांना राहवलं नाही. "लागतो! आणि मुहूर्त म्हणजे काय बस आहे, आधीची पकडायला?"

"हे कोण बोलले?"

"आमचे आचारी!" मी म्हटलं.

गुरुजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पंचांग घेऊन आले आणि पाच वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त देऊन गेले. जाताना दारातून म्हणाले, "आचारी म्हणून देतोय!"

* * *

मग यादी. उपस्थितांची नावं, जास्तीत जास्त बारा. अकरा जमली. बारावी ओळ कल्याणीने रिकामी ठेवली. "नंतर सांगते, ताई."

परब साहेबांना रिकामी ओळ चालेना. "नाव लिहा नाहीतर रेघ मारा. आणि एक लक्षात ठेवा, आमचा गार्ड यादी वाचून हजेरी घेतो."

कल्याणीने फॉर्म माझ्या हातातून ओढून घेतला, काहीतरी लिहिलं, पाकिटात घातला आणि स्वतःच जाऊन कुरिअर करून आली. मी विचारलं, "कुणाचं नाव घातलंस?" तर म्हणे, "आहे एक जण. येईलच असं नाही."

आठवड्याने परवानगी, अटी आणि यादीसकट, कल्याणीच्या ई-मेलवर आली. मी प्रिंट काढायला सांगितलं, ती तिनेच काढली आणि मला न दाखवता जपून ठेवली. परब साहेब फोनवर म्हणाले, "सही-शिक्क्याची मूळ प्रत पोस्टाने येईल. आधारवरच्या पत्त्यावर."

आधारवर धुळ्याकडचं घर! मी फोनवर हात ठेवून म्हटलं, "अगं, पत्ता बदलायला सांगू का?"

कल्याणी झेंडूची माळ ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या हो ताई. पोस्टाचं काय खरं!"

* * *

आम्ही अकरा जण रात्रभर गाडीत उलट्या करत पोचलो. नानांनी पडदा आणलाच होता! समुद्र पाहिला आणि निमूटपणे घडी घालून परत गाडीत ठेवला. "लागत नाही," एवढंच म्हणाले.

पाच वाजता गार्ड आला. खाकी कपडे, हातात यादी. त्याने एकदा नवरा-नवरीच्या मुंडावळ्यांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे. "भरीत पार्टी ना?"

"हो," आम्ही अकरा जण एका सुरात म्हणालो.

तो नावं वाचू लागला. आम्ही शाळेतल्यासारखे हात वर करत होतो. गुरुजींच्या नावापुढे 'आचारी' वाचलं, त्यांनी डोळे मिटून हात वर केला. अकरा झाली.

"बारा," गार्ड म्हणाला. "भीमराव पाटील. नातं, वडील."

आता कळलं तिने प्रिंट का दाखवली नव्हती! कल्याणी समुद्राकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. पियुषने तिचा हात धरला. मला रडू येत होतं आणि गुरुजी घड्याळ दाखवत होते. पाच वाजून सात.

"भीमराव पाटील? गैरहजर लिहू?"

"हजर शे!"

गेटकडून धोतर, पांढरी टोपी, काखेत भला मोठा स्टीलचा डबा. वाळूत चपला रुतत होत्या म्हणून त्यांनी त्या हातात घेतल्या होत्या. कल्याणी धावली ती मुंडावळ्यांसकट त्यांच्या अंगावरच पडली. डबा पडता पडता नानांनी झेलला.

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पियुषला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ नानांवर घसरले.

"वैशाखमा भरीत कोन करस हो? बठ्ठ्या बियाच निंघतीस! कागद वाचा तवयच समजनं, हाई भरीत नही."

"मग डब्यात काय आहे, आबा?" नानांनी घाबरत विचारलं.

आबांनी बंडीच्या खिशातून पोस्टाने आलेला कागद काढला, नीट उलगडला आणि गार्डसमोर धरला.

"अट नंबर चार. जाळ करना नही. घरथीन भाजीसन लई उनू!"

पाच वाजून बारा मिनिटांनी लग्न लागलं. मग डबा उघडला. उन्हाळ्याचे दिवस, रात्रभराचा प्रवास. भरीत पार आंबलं होतं आणि खरोखरच बियाच बिया होत्या.

बाराही जणांनी खाल्लं. गार्डनेही.