बरणीवरची दुसरी गाठ

कृषी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना अकोल्याच्या जुन्या शहरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत एका वेळी इतके जीव होते: लिंबाच्या पानांवर पोसलेल्या अकरा अळ्या, एक प्रार्थना कीटक, शेणातले दोन भुंगेरे आणि एक साप. सगळ्यांची नोंद एका वहीत होती. खाणं, पाणी, कात, मृत्यू, असे रकाने आखलेले.

अळ्या वडिलांनी एकदा पाहिल्या होत्या. भातकुलीचा शेतकरी माणूस. ते पाच मिनिटं बरणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आमी फवारून मारतो, अन तू पोसून राहिली." सापाचं त्यांना माहीत नव्हतं. घरमालकीण काकूंची एक जरी तक्रार आली तरी शिक्षण बंद आणि सामानासकट भातकुलीला परत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दर रविवारी ते खाली काकूंकडे फोन करून विचारायचे. म्हणून साप पलंगाखाली, लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत, तोंडाला फडकं बांधून ठेवलेला.

तो मला कॉलेजच्या शेतावर, प्रक्षेत्राच्या पाटात सापडला होता. वीतभर लांब, काळा, अंगावर पांढरे पट्टे. वहीत मी लिहिलं: 'कवड्या. बिनविषारी. स्वभाव शांत. दिलेली पाल खाल्ली नाही.' दुपारी बरणी स्वच्छ करताना तीनदा हातात धरला, त्याचीही नोंद आहे.

एका मंगळवारी कॉलेजातून आले तर फडक्यावर माझ्या गाठीशिवाय आणखी एक गाठ होती. पांढऱ्या दोऱ्याचे तीन घट्ट वेढे. माझी गाठ साधी, एका ओढीत सुटणारी. मी दोरा कापला. बुधवारी पुन्हा तोच प्रकार. गुरुवारी पुन्हा.

खोलीत राहणारी दुसरी मुलगी अमरावतीची. मी लगेच वहीच्या मागच्या पानावर तिच्याविरुद्धचे मुद्दे लिहून काढले. एक, ती माझ्याआधी परत येते. दोन, तिला साप नको आहे. तीन, काकूंशी तिचं फार जमतं आणि तो दोरा काकू खाली बसून फुलांचे हार ओवतात त्यातला आहे. चार, दोन दिवस ती माझ्याकडे सरळ बघत नाही. तिने आत काही टाकलं असेल का, हेही मनात आलं. मी बरणीतलं पाणी बदललं आणि तिच्या ताटलीशेजारी बसायचं सोडलं.

शेवटी विचारलंच, "बरणीले हात तू लावला?"

"मी त्या बरणीकडे पाठ करून जेवतो," ती म्हणाली, "अन तिले हात लावीन?"

"मंग काकूले कोणं सांगितलं?"

"तुले काय वाटते, मी चुगल्या करत फिरतो? लिही मंग वहीत."

म्हणजे तिने ते पान वाचलं होतं. मला तो पाचवा मुद्दा वाटला.

शुक्रवारी मी तास बुडवून दाराआड खुर्ची टाकून बसले. दुपारी जिना वाजला. काकू आल्या. बोटाला हार ओवायचा दोरा गुंडाळलेला, पदराला शेवंतीच्या पाकळ्या. त्या सरळ पलंगाशी वाकल्या, बरणी उजेडात ओढली आणि काचेला डोळा लावला. मी उठले तेव्हा दचकल्यासुद्धा नाहीत.

"बरं झालं, आली. जरा हलव ना त्याले. वेटोळं सोडतच नाही."

"काकू, तो कवड्या हाये."

"कोणं सांगितलं?"

"पुस्तकात हाये."

"कवड्याले मानेपासून पट्टे राह्यतात, शेपटीकडे विरून जातात. याचे कुठून हायेत ते पाह्य."

मी बरणी हळूच कलती केली. साप सैल झाला. मानेजवळचा भाग नुसता काळा होता. पट्टे पुढे सुरू होत होते आणि शेपटीच्या टोकापर्यंत जोडीजोडीने गेले होते.

"कवड्या असता तर आतापावतो दहा खेपा चावला असता तुले," काकू म्हणाल्या. "हा मण्यार हाये. दिवसा असाच गरीब राह्यते."

मी माझ्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "तुमी सांगितलं काहून नाही?"

"मंगळवारी वर आली तवा दिसला, पर मले पक्कं पाह्याचं होतं. मळ्यात जलमभर साप पाह्यले, पर हा तोंडच दाखवे ना. अन खाली तुह्या काकाले सांगितलं असतं तर काठी घेऊन आला असता, अन तुह्या बापाले फोन. तुही ती गाठ, पोरी, मांजर बी सोडीन. मंग मीच बांधून ठेवत होती."

संध्याकाळच्या आत सर्पमित्र आला, नुसतं पाहून 'मण्यारच' म्हणाला आणि बरणी तशीच घेऊन गेला. मी मागचं पान फाडलं आणि त्या मुलीला चूक झाली म्हणाले. "ठीक हाये," ती म्हणाली. महिनाअखेरीस ती दुसऱ्या खोलीत राहायला गेली. पुढची दोन वर्षं वर्गात आम्ही कामापुरतं बोललो.

रविवारी वडिलांचा फोन आला. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून ऐकत होते. काकू बराच वेळ नुसतं "हो, हो" करत होत्या.

"नाही जी, काही तरास नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मोठी टापटीप पोरगी हाये. सगळं लिहून ठेवते."

फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं. "अळ्या ठेव," म्हणाल्या, "अन पलंगाखाली झाडून घे आज."