आंदणाच्या पलंगाचं लाकूड

मलकापूर सोडलं त्या दिवशी टेम्पोत मागे माझा आंदणाचा पलंग सुटा करून बांधला होता. त्याच्या शेजारी गोधडीत गुंडाळलेली काचेची रिकामी पेटी होती. मासे माझ्याजवळ, पुढच्या सीटवर, दोन पायांच्या मधे धरलेल्या बादलीत. राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला मी झाकण दाबून धरत होते. नवऱ्यानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा बाबांना फोन केला, आणि त्यांनी काही न विचारता टेम्पो पाठवला.

चिखलीला घरी आल्यावर मात्र विचारणं सुरू झालं. आई म्हणायची, "राग निवू दे. मंग जाशील." म्हणून पलंग जोडला नाही. त्याचे भाग मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले, वर जुनी साडी टाकली. परत जाताना लागेल म्हणून. मी खाली गादी टाकून झोपायचे.

मासे प्लास्टिकच्या टबात होते. पाणी लवकर गढूळ व्हायचं. एक दिवस सकाळी दोन मासे उलटे तरंगत होते. मी ते परसात पुरले आणि ठरवलं, पेटी पुन्हा भरायची. पण भरलेली पेटी ठेवायची कशावर? घरातलं लोखंडी टेबल डुगडुगत होतं. गोठ्याच्या फळ्या उचलायला गेले तर हातात भुसा आला. पाण्याचं वजन पेलेल असं घरात एकच लाकूड होतं.

ते सागवान बाबांच्या बांधावरचं. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी झाड पाडलं, देऊळघाटच्या मिस्त्रीचाचांकडून पलंग करून घेतला. पलंगाचं स्टँड करून द्या म्हणायला मी आधी चाचांकडेच गेले. चाचांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, तुह्या बाबाले इचारलं का?"

"नाही."

"मंग मी करवत नाही लावत. तो पलंग मी तुह्या लग्नासाठी केला होता."

त्यांचा राग आला नाही. पण घरी येताना बसमध्ये मला रडू आवरेना. शेजारच्या बाईनं खिडकीकडची जागा दिली आणि काही विचारलं नाही.

बाबा शेतात गेले होते त्या दुपारी मी पलंगाच्या बाजूच्या फळ्या परसात ओढून आणल्या. मोबाइलवर एक-दोन व्हिडिओ पाहिले होते. त्यात लाकूड लोण्यासारखं कापलं जायचं. इथं करवत चार बोटं जाऊन अडकायची. हाताला फोड आले. आई दारात येऊन उभी राहिली. मग ती आत गेली आणि उशाकडची वेलबुट्टीची फळी उचलून तिनं आपल्या खोलीत नेऊन ठेवली. तेवढी तरी माझ्या हाती लागू नये म्हणून.

बाबा लवकर परतले. करवतीचा आवाज त्यांना गल्लीतूनच आला असणार.

"हे काय करून राह्यली?"

"माशांच्या पेटीले स्टँड."

"दुसरं लाकूड नव्हतं?"

"पेलणारं नव्हतं."

ते ओट्यावर बसले. पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, "कापल्यावर आता परत काय घेऊन जाशील?"

"मले जायचंच नाही, बाबा. तुम्ही काऊन समजून घेत नाही?"

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले होते. बाबा उठून आत गेले आणि माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

स्टँड व्हायला पुढचे काही दिवस लागले. पाय पलंगाचेच, कापून आखूड केलेले. एक जरा जास्तच आखूड झाला, त्याखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. बाटलीत थोडं पाणी घेऊन ती वर आडवी ठेवायची आणि पाणी कुठल्या बाजूला जातं ते बघायचं, हेच माझं माप. वर थर्माकोल घातला, त्यावर पेटी. बादली बादली पाणी ओतताना लाकूड एकदा करकरलं. मी आणि आई जागच्या जागी थांबलो. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, पण उठले नाहीत. स्टँड टिकला.

दिवाळीआधी मलकापूरहून सासरे आणि नवऱ्याचे मामा आले. समोरच्या खोलीत बसले. झालं गेलं विसरा, मुलगा बदललाय, असं बराच वेळ चाललं. मी आतून ऐकत होते आणि बाबा 'हाव' म्हणतील याची वाट बघत होते. बाबांनी त्यांना चहा घेऊ दिला. मग शांतपणे म्हणाले, "पोरगी येणार नाही. तिले मारलं तुमच्या पोरानं. मी पाठवत नाही."

मामा काहीतरी बोलू लागले. बाबा उठून उभे राहिले, तेव्हा ते दोघंही उठले.

गाडी गेल्यावर मी बाहेर आले. मला वाटलं, आता बाबा माझ्याकडे बघतील. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी तुह्या बाजूनं बोललो, म्हणजे मले पटलं असं समजू नको. तुह्या आईले चौकात लोकं इचारतात, तवा ती घरी येऊन जेवत नाही. तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

आता मी बुलढाण्याला एका शाळेत शिकवते, सकाळच्या बसनं जाते. कुणी विचारलं तर आई अजूनही सांगते, पोरगी काही दिवसांसाठी आली आहे. मी ते खोडून काढत नाही. बाबा माझ्याशी कामापुरतं बोलतात. परवा मी जेवताना म्हटलं, पेटीचं पाणी बदलायचं आहे, उद्या मोटर थोडी जास्त वेळ चालू ठेवा. त्यांनी पोळी मोडली आणि म्हणाले, "ठेवीन." आई माझ्याकडे बघत राहिली. मग आम्ही तिघं जेवलो.