अकोल्याला जाऊन येणं

कोजागिरी, दुपार. अमरावती, भावाचं घर. हजर: आई, वहिनी, बारावीतली भाची आणि मी. भाऊ चांदूर रेल्वेजवळच्या मळ्यात. दिवाळी तोंडावर असताना शेवंती सोडून तो कुठे जात नाही.

माझं काम एकच होतं. आईला अकोल्याला माझ्या घरी न्यायचं. दिवाळीनंतर वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि ती उठती होईपर्यंत आईकडे पाहायला या घरात दुसरं कोणी नव्हतं.

माझ्या लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली. आई एकदाही अकोल्याला आलेली नाही. बाळंतपणं मी माहेरी केली. वास्तुशांतीला तिने भावाच्या हाती साडी पाठवली. लेकीच्या घरचं पाणी पीत नसेल, असं लोक म्हणत. मीही तेच धरून बसले होते आणि मनात राग ठेवून होते. या खेपेला मात्र फोनवर ती लगेच म्हणाली, ‘येतो.’

तिची बॅग दाराशी तयार होती. उचलून पाहिली आणि माझा चेहरा पडला.

आमच्या घरच्या लेकींना बंद वस्तू हलवली की आत काय आहे ते कळतं. यात मिरवण्यासारखं काही नाही, नाक-डोळे येतात तसंच हे येतं. आजीने, म्हणजे बाबांच्या आईने, ते तिच्या माहेराहून आणलं; तिला ते सगळ्यांत जास्त होतं. भुलाबाईच्या महिन्यात गाणी झाली की मुली खाऊचा डबा वाजवून ‘ओळखा’ म्हणतात. त्या खेळात मला कोणी घेत नसे. मी आता सिलिंडर हलवून गॅस किती दिवस जाईल ते सांगते. भाचीला पार्सल चुकीचं आलंय हे कुरिअरवाल्याच्या हातात असतानाच कळतं. आई सून म्हणून आलेली. तिच्याकडे हे नाही.

बॅगेत एक जुनी गोधडी होती. साड्या नाहीत, गोळ्यांचा डबा नाही, चष्म्याचं घर नाही. म्हणजे तिला यायचंच नव्हतं, बॅग नुसती दाखवायला भरली होती. मला रागच आला.

आत वहिनीची वेगळी तक्रार चालू होती. भाची कादंबरी लिहीत होती. तिच्या वयाच्या मुलींसाठी, आमच्याच घरच्या बायकांवर.

“ताई, तुमी तरी सांगा हिले. क्लासची फी भरून राहिलो आमी, अन् हे भुतं लिहून राहिली.”

“भुतं नाहीत गं आई. पणजी आहे.”

“तेच म्हनून राहिली मी.”

भाचीने एक प्रकरण वाचून दाखवलं. लांबलांबच्या बायका पणजीकडे येतात. अचलपूरहूनसुद्धा, एसटीने. पणजी पोटावर हात ठेवते आणि मुलगा की मुलगी ते सांगते. मग एका सकाळी ते ओळखणं तिच्या बोटांतून शेवंतीच्या पाकळ्यांसारखं गळून पडतं, ओसरी पांढरी होते, आणि त्यानंतर तिचं प्रत्येक उत्तर चुकत जातं. वाचताना भाचीचा आवाज गोड झाला होता.

आई रात्रीच्या दुधासाठी चारोळ्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गळून नाई पडलं ते. तिनं टाकून देलं.”

“म्हणजे काय, आजी?”

“म्हंजे खोटं सांगाले लागली. जे येईन तिले म्हने, पोरगाच हाय. मंग पोरगी निघे. लोकं हासत, बुढीचा हात गेला म्हनत. ऐकून घे.”

“पण का?”

“मले खरं सांगतलं होतं म्हनून.”

पुढचं तिने सांगायच्या आधीच मला कळलं. माझ्यानंतर आईला पुन्हा दिवस गेले होते. आजीने हात ठेवून ‘पोरगी’ सांगितलं, आणि आई ते पोट पाडून आली. अकोल्याला. आमच्या घरात ‘अकोल्याला जाऊन येणं’ हे शब्द पोरांसमोर कोणी उच्चारत नसे. मी लहान होते. मलाही अकोल्याला न्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा आजीने मला थोबाडीत मारली होती. कधी कोणावर हात न उगारणाऱ्या आजीने. इतकी वर्षं मी ती थोबाडीत म्हातारपणाच्या चिडचिडीवर घालत आले.

“पाठवलं कोनं तुले?” मी विचारलं.

“पाठवते कोन? मी भाकरी टाकून राहिली होती. तुये बाबा म्हनले, उद्याच्या गाडीनं अकोल्याले जाऊन येऊ. मी बरं म्हनलं. भाकर बी करपली नाई.” एक खडा तिने बाजूला टाकला. “मंग तुया भाऊ झाला. त्याच्या वेळी बुढी पोरगाच म्हनली. खरं का खोटं, तो हातात येईपर्यंत मले समजलं नाई.”

वहिनी लेकीला म्हणाली, “हे नको लिहू व. पप्पाले काय वाटन तुया?”

भाचीने आजीलाच विचारलं, “लिहू?”

“तू फुलंच पडू दे. वाचाले बरं वाटते.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “टेसनाच्या थोडं पुढं, पायऱ्यांचा दवाखाना होता. समोर कडूलिंब. हाय काय व अजून?”

लिंब आहे. पायऱ्याही आहेत, वर मोबाइलचं दुकान आहे. भाजी घ्यायला गेले की मी त्याच सावलीत गाडी लावते.

“सारं पाडलं, आई. काईच नाई रायलं तिथं.”

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. “तू बी बुढीसारखंच खोटं बोलतं.”

चारच्या सुमारास ऑटो आला. वहिनी बॅग पुढे करत म्हणाली, “आई, गोळ्या घेतल्या ना?”

“घेतल्या.”

मी बॅग वहिनीच्या हातातून घेतली आणि दाराशी जागच्या जागी ठेवली. म्हटलं, आता राहू द्या, दिवाळीनंतर नेते, घरी रंगकाम काढलंय. भाचीने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने चारोळ्यांचं ताट पुन्हा पुढ्यात ओढलं.

माझ्या घरी रंगकाम काढलेलं नाही. दिवाळी चार दिवसांवर आली आहे आणि ऑपरेशनची तारीख काही पुढे गेलेली नाही. रंग कुठवर आला म्हणून वहिनी रोज फोन करते. आईला कुठे ठेवायचं, ते ठरवायचं राहिलं आहे.