फेअर करून आणा

"उभ्या राहा आणि मोठ्यानं वाचा."

सीमाभागातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, आमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत रोज सकाळी सव्वानऊला मीटिंग असते. मॅनेजर साहेब, चार सुपरवायझर आणि तपासणी खात्यातली मी. बाई मी एकटीच. चहा येतो, चहाबरोबर माझा रिपोर्ट येतो. मी लिहिलेलं इंग्रजी मीच उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी बिस्किटं बुडवत हसायचं, असा तिथला रिवाज.

त्या दिवशी मी वाचलं, "लेडल इज क्रॅक सिन्स टू डेज."

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं. त्याच्या आतल्या अस्तराला चीर गेली होती. माझं बोट जाईल एवढी. मी ते सांगत होते.

साहेबांनी दात दुखल्यासारखं तोंड केलं. "सिन्स की फॉर? इज की हॅज बीन? मॅडम, कोट्यातून डिप्लोमा मिळतो. इंग्रजी नाही मिळत."

सगळे हसले. आमच्याच वस्तीतून वर आलेला एक सुपरवायझर सगळ्यात मोठ्यानं हसला. साहेबांनी लाल पेनानं दोन गोल काढले, नेहमीसारखी खाली तारीख-वेळ टाकली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "फेअर करून आणा. मग सही करतो."

चीर केवढी आहे, हे कुणी विचारलं नाही.

साहेब बोलायला शिकले तेच इंग्रजीत. मी निपाणीच्या मराठी शाळेतली. आईनं तंबाखूच्या वखारीत खोकत खोकत राबून मला शिकवलं. खडेबाजारातून ग्रामरची दोन पुस्तकं आणलीत मी. रोज बसमध्ये घोकते. डिपेंड ऑन. कन्सिस्ट ऑफ. डिस्कसच्या पुढं अबाउट लावायचं नाही. आणि त्या टेबलाशी उभी राहिले की सगळं पुसलं जातं. शिसारी येते. त्यांची येते, त्याहून जास्त माझी येते.

तो कागद समोर ठेवून मी नव्यावर फेअर करायला बसले; दोनदा लिहून फाडलं. दुपारी भट्टीवरचे मारुतीआप्पा दारात आले. खानापूरकडचे, वयानं माझ्या वडलांएवढे.

"पोरी, ते लेडल बदलायचं काय झालं गं?"

"लिहून दिलंय आप्पा. सही झाली की बदलत्यात."

"मग आज ह्येच वापरायचं व्हय?"

मी मान वर केली नाही. हॅज बीनच्या पुढं क्रॅक लिहायचं की क्रॅक्ड, यात मी अडकले होते. "होईल आता," एवढंच म्हणाले.

भट्टीत लोखंड तयार होतं. ते कुणाच्या सहीसाठी थांबत नाही. आप्पा गेले. आप्पा, ते भांडं उचलू नका, एवढं ओरडायला मला कुठलं ग्रामर लागत होतं? तोंड होतं. भाषा होती. पण मला कागद बिनचूक करायचा होता. दुसऱ्या दिवशी कुणी हसू नये म्हणून.

अडीच वाजता लेडल त्या चिरेवर फुटलं, लोखंड सांडलं. आप्पांचं डावं पाऊल भाजलं. बूट कापून काढावा लागला. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. जेवायला बसले की येतो.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच खुर्ची दिली. समोर टाईप केलेला कागद ठेवला. "द वर्कर हॅड बीन वॉर्न्ड अबाउट द क्रॅक अँड हॅड इग्नोअर्ड द वॉर्निंग." म्हणजे कामगाराला चिरेबद्दल आधीच बजावलं होतं, त्यानं ऐकलं नाही. खाली माझं नाव, सहीला जागा.

"सगळं करेक्ट करून ठेवलंय," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "तुम्हाला त्रास नको."

करेक्टच होतं. हॅड हवं तिथं हॅड, अबाउट हवं तिथं अबाउट. ह्या इंग्रजीला मी एवढी वर्षं भीत होते? ह्यासाठी बसमध्ये घोकत होते?

"मी सही करणार नाही."

"विचार करा. नोकरी आहे तुमची."

"सर, सव्वानऊला ती चीर तुमच्यासमोर वाचली होती मी. गोल तुम्ही काढलेत. वेळ तुमच्या हातची आहे. तो कागद माझ्याजवळ आहे."

मी उठून बाहेर आले.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. आप्पांना सगळं सांगितलं, माझी चूकही. ते म्हणाले, "मला थांबवायला सही पायजे हुती व्हय पोरी? माझा पाय जळाला की गं." माफी मागायची लाज वाटली, म्हणून मागितली नाही.

सोमवारी कारखाने खात्याचे अधिकारी चौकशीला येणार आहेत. कन्नडमध्ये विचारतील, इंग्रजीत विचारतील. मी चुकत, अडखळत सांगणार. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं. पहिलं नाव मी साहेबांचं घेणार. दुसरं माझं. आप्पा दारात उभे होते आणि मी मान वर केली नाही, हेही लिहून घ्या म्हणणार. आणि लिहून होईपर्यंत तिथून हलणार नाही.