सासऱ्याचं माप

समस्त घरादारास अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे, की आज आपल्या तव्यावर लाल ज्वारीची भाकरी पडली आहे! पण तिचा वास आला आणि मी मनाने थेट दुष्काळातल्या जऊळका गावच्या धान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. आसपासच्या गावांतल्या उपाशी लोकांसाठी व्यापाऱ्यांनी स्टेशनामागे अशाच लाल ज्वारीचं कोठार उघडलं होतं. नियम एकच, जो समोर हजर त्याचंच माप. त्यामुळे म्हातारे पाठीवर, लेकरं कडेवर अशी जत्राच भरे. माझ्यापुढच्या बाईने सासऱ्याला लुगड्याने पाठीशी बांधून आणलं होतं. त्याच्या उघड्या ओठांवर माशी फिरत होती आणि तो ती हाकलत नव्हता. माप घालणाऱ्या शेठचा हात थांबला. "झोपले हायेत जी," बाई म्हणाली, "लेकरं घरी पडून हायेत, त्यायले चालवत नाई." एरवी गावभर बडबडणारा मी खाली बघत राहिलो, आणि त्याची लाज आजही पहिला घास घेताना वाटते. माप तिच्या पदरात पडलं ते मागच्या म्हातारीमुळे. ती ओरडली, "टाका ना शेठ! जिता व्हता तवा कोनं पोटभर देल्लं त्याले?"